चाळिशीनंतर सायकल शिकायची आहे, घ्यायचीही आहे: कुठली आणि कशी?

खिडकीपाशी

वय ४३, सायकल अजिबात येत नाही. आता शिकायची आहे आणि जमलं तर कामावर जायला वापरायची आहे. एका बाजूचं अंतर ७ किमी, रस्ता डांबरी पण खड्ड्यांचा, मध्ये अर्धा किमी चढ. उंची १६० सेमी, वजन ७२ किलो, सोबत ४-५ किलोची बॅग. निम्मे लोक म्हणतात पुढे शॉक असलेली एमटीबी (माउंटन बाइक) घे, उरलेले म्हणतात हायब्रीड, म्हणजे एमटीबी आणि रस्त्यावरची सायकल यांच्या मधली. कुणाच्या मते २१ गिअर हवेतच, कुणाच्या मते एकही नको. आणि मुळात या वयात तोल सांभाळायला शिकायचं कसं? कुणीतरी सीट धरून मागे पळायचं, तो प्रकार नको आहे.

पान्हा_पंधरा

शॉक आणि गिअर नंतर बघू. आधी फ्रेम तुमच्या मापाची आहे का ते बघा. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम येत नाही.

माप घरीच घेता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पावलांत १५ सेमी अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून दोन्ही पायांच्या मध्ये धरा, सीटवर बसल्यावर येतो तेवढा दाब येईपर्यंत वर सरकवा आणि कण्यापासून जमिनीपर्यंत मोजा. हा इनसीम. समजा ७४ सेमी आला. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६५.३ सेमी. क्रँक म्हणजे पॅडल जोडलेला दांडा, तो ज्याभोवती फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढी उंची धरून सुरुवात करायची आणि पुढे अर्धा-एक सेमी वरखाली करायची. बूट घालून आडवी नळी पायांत घेऊन उभं राहिल्यावर किमान २-३ सेमी मोकळी जागा उरली पाहिजे. एस, एम या अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीची एस दुसरीच्या एमएवढी निघते. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहत नसेल, हात ताठ होत असतील, तर सायकल लांब आहे. सीट पुढे ढकलून ते दुरुस्त करायला जाऊ नका, त्याने गुडघ्याचं गणित बिघडतं. हँडल सायकलला जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, १-२ सेमी आखूड बसवायचा.

शॉक नकोच. पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे फोर्क. स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा स्टीलचा एक-सव्वा किलो. त्यात स्प्रिंग असते, पण तिची उसळी आवरणारी यंत्रणा नावालाच. चढावर उभं राहून पॅडल मारलं की तुमचा जोर फोर्क खाली-वर करण्यात जातो. धुळीने आतली बुशिंग झिजली की पुढचं चाक खडखडायला लागतं, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा फोर्क बदलणं सोपं पडतं.

खड्ड्यांचं काम टायरला करू द्या. ३८ ते ४२ मिमी रुंद टायर मावणारी हायब्रीड बघा. टायरच्या कडेला ४०-६२२ असा आकडा असतो: पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिमीत. ७०० सी आणि २९ इंच ही दोन नावं, पण दोन्हींचा आकडा ६२२च. साडेसत्तावीस इंचाचा ५८४, एमटीबीच्या २६ इंचाचा ५५९. तुमच्या उंचीला एक गोष्ट मुद्दाम तपासा: छोट्या फ्रेममध्ये ६२२चं चाक असलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासू शकतं. दुकानातच पॅडल आडवं ठेवून, त्यावर पाऊल ठेवून हँडल वळवून बघा. घासत असेल तर ५८४ची घ्या.

तोल

शिकण्याबद्दल. सीट धरून पळणं शिकणाऱ्याच्या आड येतं, तुमचा नकार रास्तच आहे. मागून धरणारा सायकल सरळ ठेवतो, त्यामुळे ती कलली की हँडल त्याच बाजूला वळवायचं, हे हातांना कळतच नाही. बाजूला लावायच्या छोट्या चाकांचंही तेच, ती सायकलला कलूच देत नाहीत.

त्याऐवजी दोन्ही पॅडल काढून टाका. सीट इतकी खाली आणा की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग शोधा, शक्यतो किंचित उतार असलेलं. आधी ब्रेक: सायकल हाताने चालवत न्या आणि दोन बोटांनी दाबून बघा. कुठला दांडा पुढच्या चाकाचा हे देशादेशांत उलटसुलट असतं, गृहीत धरू नका. मग सीटवर बसून चालत जा, मग लांब ढांगा, मग दोन ढांगांच्या मध्ये पाय उचलून तरंगत जा. नजर १०-१५ मीटर पुढे. पुढच्या चाकाकडे बघितलं की हँडल हमखास लटपटतं. अगदी सावकाश जायचा मोह होतो, पण चालण्याच्या वेगात तोल सांभाळणं सगळ्यात अवघड, थोडा वेग आला की सायकल स्वतःच साथ देते.

पाय न टेकवता आठ-दहा सेकंद जाता आलं, डावी-उजवीकडे मोठं वळण घेता आलं आणि ब्रेक लावून ठरवलेल्या जागी थांबता आलं, की पॅडल परत बसवा. त्याआधी नाही. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. थकल्यावर खांदे आखडतात आणि आखडलेल्या हातांनी शिकलेलंही मोडतं.

निघताना एक पॅडल पुढच्या बाजूला वर आणा, उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळात २ वाजता काटा असतो तिथे. ब्रेक दाबलेला, दुसरा पाय जमिनीवर. ब्रेक सोडा आणि त्या पॅडलवर उभं राहिल्यासारखा भार द्या. सायकल पुढे जाते आणि तुम्ही आपोआप सीटच्या उंचीला येता. बहुतेक नवशिके आधी सीटवर बसून मग पायाने जमीन ढकलत निघायला बघतात, तिथेच सायकल आडवी होते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. शिकताना खाली घेतलेली सीट बरेच जण कायम तशीच ठेवतात, कारण पाय टेकले की धीर येतो. मग महिन्याभरात गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि दोष वयाला! सीट वरच्या मापाला न्यावीच लागते, आणि तिथे बसून दोन्ही तळवे जमिनीला पोचत नाहीत, पोचायचेही नसतात. म्हणून थांबायची पद्धत वेगळी शिकायची: खालच्या पॅडलवर भार, ब्रेक, सीटवरून पुढे उतरून आडव्या नळीच्या वर उभं राहा आणि मोकळा पाय टेकवा. हे वीस-पंचवीस वेळा घोटा, सीट एकदम न चढवता दर वेळी एक-दोन सेमी चढवत जा.

एकच_गिअर

मापाबद्दल सहमत. गिअरबद्दल मात्र वेगळं सांगतो. सात किलोमीटरसाठी डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारी यंत्रणा, कशाला? मागच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, तीन गिअर बघा. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबमध्ये खालचा गिअर मधल्याच्या तीन चतुर्थांश, वरचा एक-तृतीयांशाने जड. सगळं बंद डब्यात, चेन सरळ रेषेत, म्हणून टिकते जास्त. नवशिक्यासाठी मोठी सोय म्हणजे सिग्नलला थांबल्यावरही गिअर बदलता येतो. जड गिअरमध्ये थांबलात तरी अडकत नाही. मागचं पंक्चर काढताना केबल सोडवावी लागते एवढीच कटकट.

पान्हा_पंधरा

हब गिअर उत्तम, पण चढ किती तीव्र आहे हे धाग्यात आलेलं नाही. साधा हिशोब करू. ४० मिमीच्या टायरसह ६२२च्या चाकाचा परीघ साधारण २.१८ मीटर. पुढे २८ दात, मागे ३४ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्याला १.८ मीटर अंतर. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी साडेसहा किमी. म्हणजे खड्या चढावरही पाय न थांबवता जाता येतं. तीन गिअरच्या हबचा पसारा सगळ्यात हलक्यापासून सगळ्यात जडपर्यंत पावणेदोन पट. पुढे २८ ते ४८ आणि मागे १४ ते ३४ असला तर चार पटींहून जास्त. बॅग घेऊन चढ चढणाऱ्या नवशिक्याला तळाचा हलका गिअर लागतो. हबवर तो आणायचा तर पुढची चक्री लहान किंवा मागची मोठी घालावी लागेल, मग सपाटीवर पाय भिरभिरतात.

२१ या आकड्याला मात्र भुलू नका. त्यातले कितीतरी एकमेकांवर चढलेले असतात. दुकानात दोनच आकडे विचारा: पुढची सगळ्यात लहान चक्री किती दातांची, मागची सगळ्यात मोठी किती. पहिला दुसऱ्याएवढा किंवा त्याहून लहान असला तर चढाची काळजी मिटली. वापरताना थांबण्याआधी हलक्या गिअरवर या, बदलताना पॅडल फिरतं ठेवा पण जोर काढून घ्या. जोरात दाबत बदललं की चेन कडकडते किंवा उतरते.

मागच्या चाकात फ्रीव्हील आहे की कॅसेट (मागच्या चक्र्या हबवर बसवायच्या दोन पद्धती), हेही विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेरिंग बरंच आत असतं, त्यामुळे आसाचा बाहेरचा तुकडा आधाराशिवाय राहतो. वजन आणि खड्डे एकत्र आले की तो वाकतो. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये बेरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं.

ब्रेक कुठलेही चालतील, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे व्ही-ब्रेकसुद्धा. फक्त पॅड रिमवर बसतोय, टायरला लागत नाही, हे बघा. डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या चकतीला तेलाचा हात किंवा स्प्रे लागू देऊ नका, पॅड तेल पितात आणि मग ब्रेक नुसता ओरडतो, लागत नाही.

खिडकीपाशी

चढ अगदी खडा नाही, पण बॅग घेऊन हलका गिअर लागेलच असं वाटतंय. म्हणजे शॉकशिवायची हायब्रीड, ४० मिमी टायर. दोन शंका. हवा किती भरायची? टायरवर कमाल ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेलं पाहिलं. आणि वापरलेली सायकल मिळाली तर काय तपासायचं?

आउट_काढणारा

टायरवरचा आकडा मर्यादा सांगतो, तेवढी भरायचीच असं नाही. तुमचं वजन, बॅग आणि ४० मिमी टायर धरून पुढे ४०, मागे ४५ ते ५० पीएसआयपासून सुरू करा. ७५ भरलीत तर प्रत्येक खडा मनगटात येईल. फार कमी भरलीत तर खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. एकच बारीक छिद्र असेल तर काटा किंवा काच, टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून तो शोधल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका. दर आठवड्याला हवा बघायची, काहीही न टोचता ती कमी होतेच. गेज असलेला उभा पंप घ्या, अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही.

वापरलेल्या सायकलीत आधी फ्रेम. हँडलखालच्या आखूड नळीला इतर नळ्या जुळतात त्या सांध्याखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा आडवी केसाएवढी चीर दिसली तर तिथूनच परत फिरा, समोरून जबर धडक बसल्याची ती खूण असते. मग सीटची नळी वरखाली होते का बघा. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली की जाम होते, आणि तुमची उंची मालकाइतकी नसेल तर ती सायकल तुमच्या उपयोगाची नाही.

चाकं उचलून फिरवा. ब्रेकच्या पॅडशी अंतर कमीजास्त होत असेल तर चाकाला आउट आहे, म्हणजे ते वाकडं फिरतंय. एक-दोन मिमी असेल तर तारा आवळून निघतो. तारा चिमटीत धरून दाबत जा, एखादी ढिली लागली तर रिम वाकलेली असू शकते. व्ही-ब्रेकची रिम बाजूने आत गेलेली, खोलगट लागली तर ती झिजली आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या मुळाशी टक टक जाणवलं तर तिथलं बेरिंग ढिलं आहे. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा, तिथेही तेच.

चेनला पट्टी लावा. एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजल्या तर नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला. १/८ जास्त असेल तर मागच्या चक्र्याही झिजलेल्या असणार, त्यांच्यावर नवी चेन घातली की दातांवरून उड्या मारते. भाव ठरवताना तो खर्च धरा.

तोल

हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटं वर, कानाखाली पट्ट्यांचा त्रिकोण, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी सैल पट्टी.

पान्हा_पंधरा

एक राहिलं. शिकण्यासाठी पॅडल काढाल आणि परत बसवाल, तेव्हा लक्षात ठेवा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पॅडलच्या आसावर एल, आर कोरलेलं असतं. उजवं-डावं अदलाबदल करून पान्ह्याने जोर लावला तर क्रँकचे आटे मरतात आणि क्रँकच बदलावा लागतो. पान्हा १५ मिमीचा आणि पातळ तोंडाचा लागतो, काही पॅडलना आतून ६ किंवा ८ मिमीची अ‍ॅलन की. आट्यांना ग्रीस लावा, पहिले तीन-चार वेढे हातानेच घाला. हाताने फिरत नसेल तर तिरकं बसतंय, काढून परत. आवळताना पान्ह्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ओढायचं, दोन्ही बाजूंना हाच नियम. सोडवताना मागच्या चाकाकडे.