मदत हवी आहे: अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा ऑनर्स प्रोग्राम नेमका काय असतो? लेकीने घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

माझी लेक बारावीत आहे. आमच्याच राज्यातल्या स्टेट युनिव्हर्सिटीत तिला बायोलॉजीला प्रवेश मिळाला. आठवड्याभरात दुसरं पत्र आलं, की तुला आमच्या ऑनर्स कॉलेजमध्ये यायला आवडेल का? १ मेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, आणि हो म्हणायचं तर एक निबंधही लिहून द्यायचा आहे.

माझा गोंधळ पार मुळापासून आहे. आमच्या वेळी भारतात ऑनर्स म्हणजे एक विषय धरून केलेली पदवी, इतकंच डोक्यात बसलेलं. इथे मेजर, म्हणजे मुख्य विषय, बायोलॉजीच राहणार आणि ऑनर्स त्याच्यावर आणखी काहीतरी. म्हणजे अभ्यास वाढतो का? पदवीला जास्त वेळ लागतो का? तिला पुढे मेडिकलला जायचं आहे, तर ग्रेड घसरण्याची भीती कितपत खरी? तिचे पाच एपी (हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) झालेत, त्यांचं काय होतं? आणि मध्येच झेपेना झालं तर सोडता येतं का?

आणखी एक सांगते, कारण खरा पेच तोच आहे. परवा जेवताना ती म्हणाली, "आई, मला अजून चार वर्षं हायस्कूलसारखं धावायचं नाहीये." तिने गेली चार वर्षं काय केलंय ते मी रोज पाहिलंय. रात्री साडेबाराला तिच्या खोलीचा दिवा चालू असायचा. तिला ढकलायचं नाहीये मला, पण केवळ माहिती नव्हती म्हणून चांगली गोष्ट हातची जाऊ नये असंही वाटतं. ज्यांची मुलं यातून गेलीत किंवा जे स्वतः गेलेत, त्यांनी कृपया लिहा.

– उंबरठा

निळी शाई:

उंबरठा, माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी अशाच एका ऑनर्स कॉलेजमधून बाहेर पडला. आम्हीही हेच प्रश्न घेऊन बसलो होतो.

आधी रचना समजून घ्या. इथे प्रत्येक कोर्सला ठरावीक क्रेडिट असतात, आणि पदवी साधारण १२० क्रेडिटची. ऑनर्समुळे त्या १२०वर मोठी भर पडते असं बहुतेक ठिकाणी नसतं. त्यातलीच काही क्रेडिट ऑनर्सच्या वर्गांतून घ्यायची असतात. सगळ्यांना करावे लागणारे इतिहास, लेखन, समाजशास्त्र वगैरे विषय तीनशे जणांच्या हॉलमध्ये ऐकण्याऐवजी वीस जणांच्या खोलीत, चर्चा करत शिकायचे. शेवटच्या वर्षी प्रबंध, म्हणजे थीसिस. किती क्रेडिट ते प्रत्येकाचं वेगळं. अ‍ॅरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये पहिल्या वर्षापासून येणाऱ्याला ३६ ऑनर्स क्रेडिट लागतात, त्यात पहिल्या वर्षीचा दोन सेमिस्टरचा वाचन-चर्चेचा कोर्स आणि शेवटचा थीसिस दोन्ही आले. पेन स्टेटच्या श्रायरमध्ये थीसिस तर आहेच, शिवाय जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.४च्या खाली जाऊ द्यायचा नाही. न्यूयॉर्कच्या मॅकॉलीत राज्यातल्या मुलांची ट्यूशन फीही माफ होते. याउलट काही ठिकाणी ऑनर्सची वेगळी फी भरावी लागते. तेव्हा एकाचं ऐकून दुसऱ्याबद्दल ठरवू नका, तुमच्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर 'रिक्वायरमेंट्स'चं पान असेल ते शब्दन् शब्द वाचा.

फायद्यांमध्ये ज्याची मी आधी किंमतच केली नव्हती तो म्हणजे लवकर रजिस्ट्रेशन. ऑनर्सच्या मुलांना बहुतेक ठिकाणी कोर्स इतरांच्या आधी निवडता येतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब हवी त्या वेळेला मिळणं म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या वर्षी कळेल.

आता थीसिसचं. सगळ्या गोष्टीचं वजन तिथे आहे. मुलाचा विषय तळ्याच्या पाण्यातलं शेवाळ. डिसेंबरच्या सुट्टीत घरी आला तेव्हा दिवसभर लॅपटॉपवर सूक्ष्मदर्शकाचे फोटो उघडून पेशी मोजत बसायचा. चारशेच्या वर फोटो, एकेका फोटोला पंधरा-वीस मिनिटं. मार्चमध्ये त्याच्या लक्षात आलं, की पहिल्या साठ फोटोंत कडेला अर्धवट कापल्या गेलेल्या पेशी त्याने धरल्या होत्या आणि नंतरच्यांत सोडल्या होत्या. साठच्या साठ परत मोजले. एप्रिलमध्ये एका लहानशा खोलीत तिघांसमोर बोलला: त्याच्या गाइड, दुसरे वाचक आणि ऑनर्सतर्फे एक प्राध्यापिका. त्यांनी विचारलं, "हे साठ पुन्हा का मोजलेस?" सगळ्यांत चांगलं उत्तर त्याला तिथेच देता आलं. परत येताना गाडीत तो तासभर त्याबद्दलच बोलत होता. हायस्कूलच्या कुठल्याही मार्कांबद्दल तो असा बोललेला मला आठवत नाही.

मुक्काम पोस्ट:

एक गल्लत होते म्हणून सांगतो. पदवीवर 'कुम लाउडे', 'मॅग्ना', 'सुमा' असं लिहून येतं ते बहुतेक ठिकाणी निव्वळ जीपीएवर मिळतं. त्याचा ऑनर्स कॉलेजशी संबंध असेलच असं नाही. शिवाय 'डिपार्टमेंटल ऑनर्स' तिसरंच: आपल्या मेजरच्या विभागात चांगला जीपीए राखून संशोधन केलं की तो विभाग देतो. त्यासाठी पहिल्या वर्षी ऑनर्स कॉलेजात असायची गरज बहुतेक ठिकाणी नसते. तुमच्या लेकीने आत्ता नाही म्हटलं तरी हा दरवाजा सहसा पुढेही उघडा असतो. बऱ्याच ऑनर्स कॉलेजांतही पहिल्या वर्षाचे ग्रेड दाखवून दुसऱ्या वर्षी अर्ज करता येतो.

उंबरठा:

किती छान समजावलंत दोघांनी! डिपार्टमेंटल ऑनर्स हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. निळी शाई, त्या साठ फोटोंचं लेकीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण मोबाइल माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं.

एक शंका. हायस्कूलमध्ये ऑनर्स आणि एपीच्या कोर्सला जास्तीचे पॉइंट मिळतात, तसे इथेही मिळतात ना? म्हणजे अवघड कोर्समध्ये 'बी' ग्रेड मिळाला तरी भरून निघेल?

प्रयोगवही:

नाही. हे नीट समजून घ्या, कारण मेडिकलला जाणाऱ्या मुलांची इथेच फसगत होते. कॉलेजात बहुतेक ठिकाणी ४.०च्या वर काही नाही. ऑनर्सच्या केमिस्ट्रीतला 'बी' आणि साध्या केमिस्ट्रीतला 'बी' जीपीएत सहसा सारखाच मोजला जातो.

मी एका स्टेट युनिव्हर्सिटीत बायोलॉजी शिकवतो आणि दरवर्षी दोन-तीन ऑनर्स थीसिसना मार्गदर्शन करतो. माझं मत स्पष्ट आहे: ऑनर्स घ्यावा तो लहान वर्गांसाठी आणि थीसिससाठी. बायोडेटावर एक ओळ वाढावी म्हणून घेतला तर तिसऱ्या वर्षी ओझं होतं. मेडिकलच्या प्रवेशासाठी जीपीए, एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), रुग्णांसोबतचा अनुभव आणि संशोधन यांचं वजन जास्त असतं. 'ऑनर्स कॉलेज' या दोन शब्दांचं एकट्याने फारसं नाही.

वेळापत्रकाचा हिशेब आधी मांडून ठेवा. चौथं वर्ष संपताच मेडिकलला जायचं असेल तर अर्ज तिसरं वर्ष संपल्यावर, उन्हाळ्यात करायचा असतो. एमकॅट त्याच्या आगेमागेच. म्हणजे अर्ज जाईल तेव्हा थीसिस लिहून झालेला नसेल, पण लॅबमध्ये वर्ष-दीड वर्ष काढलेलं असायला हवं, कारण शिफारसपत्र त्यातूनच येतं. म्हणून थीसिसचा गाइड दुसऱ्या वर्षातच शोधायला लागायचं. गेल्या वर्षी एक अतिशय हुशार मुलगी चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये माझ्याकडे आली. माझ्याकडे जागा नव्हती, विभागात आणखी दोघांकडेही नव्हती. तीन वर्षं ऑनर्सचे सगळे कोर्स करून तिला थीसिसविना बाहेर पडावं लागलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. कुणीतरी तिला दोन वर्षं आधी सांगायला हवं होतं.

एपीबद्दल. एपीची क्रेडिट बहुतेक ठिकाणी पदवीत धरली जातात, पण ऑनर्सची क्रेडिट म्हणून सहसा धरली जात नाहीत. शिवाय एपीने जे सामान्य विषय भागतात, ऑनर्सचे लहान वर्ग नेमके त्याच विषयांचे असतात. म्हणजे जो विषय सुटला होता तो ऑनर्ससाठी दुसऱ्या रूपात पुन्हा घ्यावा लागू शकतो. पाच एपी असतील तर हा प्रश्न ऑनर्स ऑफिसला लेखी विचारा.

जाता जाता, हा प्रकार आला कुठून तेही सांगतो, त्याने हेतू कळतो. १९२२मध्ये स्वॉर्थमोर कॉलेजात फ्रँक आयडेलॉट या अध्यक्षांनी तो सुरू केला. ते स्वतः ऑक्सफर्डला ऱ्होड्स स्कॉलर होते. तिथलं शिक्षण पाहून त्यांनी व्याख्यानांऐवजी छोटे सेमिनार आणले, आणि शेवटची परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजांतले प्राध्यापक बोलावले. ज्याने शिकवलं त्यानेच मार्क द्यायचे नाहीत! त्यामुळे शिकवणारा आणि विद्यार्थी एकाच बाजूला येतात. स्वॉर्थमोरमध्ये बाहेरचे परीक्षक आजही येतात. मोठ्या युनिव्हर्सिट्यांत तो भाग राहिला नाही, पण थीसिसच्या वेळी ते नातं अजून दिसतं.

आणि ऑनर्स ऑफिसला विचारायचं ते पत्र लेकीलाच लिहू द्या. मूल कॉलेजात गेलं की १९७४च्या फर्पा कायद्याने शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, आई-वडिलांचा नाही. मुलीने स्वतः विचारायची सवय आत्ताच लागली तर दुसऱ्या वर्षी गाइड शोधताना तीच उपयोगी पडेल.

हिरवा चाफा:

काकू, मी तिसऱ्या वर्षाला आहे, सायकॉलॉजी. मी ऑनर्स दोन वर्षं करून सोडलं, म्हणून लिहितेय.

पहिलं वर्ष सुंदर होतं. सोळा जणांचा सेमिनार, आणि आमच्या प्रोफेसर प्रत्येकाचा निबंध समोर बसवून वाचायच्या. माझं एक वाक्य त्यांनी चारदा बदलायला लावलं. मी आज जे लिहू शकते ते त्यांच्यामुळे.

गाडी अडली ती ऑनर्स कॉन्ट्रॅक्टवर. मेजरमध्ये ऑनर्सचे वेगळे वर्ग पुरेसे नसले की साध्याच कोर्समध्ये प्रोफेसरशी ठरवून जास्तीचं काम करायचं, त्याला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. चांगलं जमलं तर त्यातून थीसिसचा विषय मिळतो. माझ्या एका मैत्रिणीला तसाच मिळाला. मला मात्र स्टॅटिस्टिक्समध्ये फक्त पंधरा पानांचा जास्तीचा रिपोर्ट मिळाला, आणि त्याबद्दल कुणी माझ्याशी बोललंही नाही. त्याच सेमिस्टरला माझी तब्येत बिघडली. मी अ‍ॅडव्हायजरला भेटले, एक फॉर्म भरला आणि बाहेर पडले.

पदवीला काही झालं नाही. केलेले कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर आहेत. पुढच्या वर्षी ऑनर्सच्या डॉर्ममधली (वसतिगृहातली) खोली मात्र सोडावी लागली. माझी स्कॉलरशिप वेगळी होती म्हणून वाचली, पण काहींची ऑनर्सला बांधलेली असते. ते पत्रातल्या बारीक अक्षरांत असतं, नक्की बघा. आणि तिला विचारायला सांगा की बायोलॉजीत ऑनर्सचे स्वतंत्र वर्ग किती आणि कॉन्ट्रॅक्टवर किती भागवावं लागतं.

धावण्याबद्दल ती म्हणाली ते मला कळतं. मीही तशीच थकून आले होते. सेमिनारमध्ये धावावं लागत नाही, उलट एकाच पुस्तकापाशी तीन आठवडे थांबावं लागतं. त्याची तिला ओढ असेल तर तिने जरूर जावं.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. चाफा, तब्येत जप गं.

लेकीने काल रात्री स्वतः ईमेल लिहिला, मला फक्त पाठवायच्या आधी दाखवला. चार प्रश्न होते: एपीचं काय, बायोलॉजीत स्वतंत्र वर्ग किती, स्कॉलरशिप ऑनर्सला बांधलेली आहे का, आणि बायोलॉजीचे किती जण खरोखर थीसिस पूर्ण करतात. आज दुपारी उत्तर आलं. एपीने सामान्य विषय सुटतील, पण दोन ऑनर्स सेमिनार करावेच लागतील. बायोलॉजीत पहिल्या दोन वर्षांत तीन स्वतंत्र वर्ग आहेत, पुढे कॉन्ट्रॅक्ट. स्कॉलरशिप बांधलेली नाही. चौथ्या प्रश्नावर त्यांनी लिहिलंय, शनिवारी कॅम्पसवर या, चौथ्या वर्षाच्या दोन मुलींशी भेट घालून देतो.

शनिवारी जातोय. तिने निबंधाचा कच्चा मसुदाही सुरू केलाय, तो मी अजून वाचलेला नाही. तोवर कुणाच्या मुलांनी बायोलॉजीत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच लॅबमध्ये जागा मिळवली असेल तर पहिला ईमेल कसा लिहिला, किती जणांना लिहिला, ते सांगाल का? त्या दोघींना काय विचारायचं याची यादी ती करतेय, त्यात भर पडेल.