शब्दचर्चा : ‘पर्सनल डेटा’ खासगी, वैयक्तिक की व्यक्तीविषयक?

भाषांतरवाली

युरोपीय आयोगाने १९ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘डिजिटल ओम्निबस’ नावाचा प्रस्ताव मांडला. जीडीपीआर या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षणाच्या गाजलेल्या कायद्यातली ‘पर्सनल डेटा’ची व्याख्याच त्यात बदलायचं सुचवलं आहे. त्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. मराठी बातम्यांत सर्रास ‘खासगी माहिती’ असतं. सरकारी मजकुरात ‘वैयक्तिक माहिती’ किंवा ‘वैयक्तिक डेटा’. फोनवरच्या मराठीत ‘प्रायव्हसी’ला सगळीकडे ‘गोपनीयता’. ‘डेटा’ला ‘विदा’ म्हणणारेही आहेत.

‘खासगी’ मला खटकतो, पण संपादकांचं म्हणणं असं की वाचकाला तोच शब्द चटकन कळतो. त्यांना पटेल असं कारण हवं आहे. नुसतं ‘कानाला बरं वाटत नाही’ चालणार नाही.

मास्तर

‘खासगी’ हा शब्द ‘खास’वरून आला आणि मराठेशाहीत त्याला पक्का अर्थ होता. होळकरांकडे ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी. दौलत म्हणजे राज्याचा वसूल, खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या हातातलं उत्पन्न. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली होती, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. म्हणजे मूळ अर्थ मालकीचा : राज्याचं नव्हे ते. खासगी शाळा, खासगी बस, खासगीकरण, या सगळ्यांत तोच अर्थ आहे.

दुसरा अर्थ चारचौघांत न बोलण्याच्या गोष्टीचा. ‘खासगीत सांगतो’ म्हणतो तो.

आता बँकेकडे असलेला माझा पत्ता घ्या. तो माझ्या कपाटात नाही, बँकेच्या संगणकात आहे, म्हणजे पहिला अर्थ गेला. तो गुपितही नाही, दारावर पाटी लावली आहे, म्हणजे दुसराही गेला. तरी कायदा त्याच पत्त्याबद्दल बोलतो आहे.

‘गोपनीयता’ त्याहून लांबची. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. तिथे गुपित राज्याचं असतं आणि ते राखायचं बंधन मंत्र्यावर असतं. नागरिकाच्या हक्काला हा शब्द लावला की हक्काचं रूप लपवाछपवीचं होतं. हे मला फार चुकीचं वाटतं.

माझं मत ‘वैयक्तिक’. व्याकरणाचं वैयाकरण तसं व्यक्तीचं वैयक्तिक. व्यक्तीसंबंधी, बस्स.

फ्रँकफुर्टकर

मी इथे एका कंपनीत याच कायद्याचं काम पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मन मजकुरात शब्द आहे ‘पेरझोनेनबेत्सोगेनं डाटन’. शब्दशः, ‘माणसाशी संबंध असलेली माहिती’. फ्रेंचमध्येही ‘खासगी’ला असलेला ‘प्रिव्हे’ हा शब्द नाही. ‘वैयक्तिक स्वरूपाची’ माहिती असं म्हटलं आहे. युरोपीय संघाच्या चोवीसही भाषांतले मजकूर सारखेच अधिकृत असतात, त्यामुळे ही शब्दांची निवड कुणा एका भाषांतरकाराची हौस नव्हे.

आणि संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत हे दोन हक्क वेगवेगळ्या कलमांत आहेत. कलम ७ खासगी आणि कौटुंबिक जीवनाचं. कलम ८ पर्सनल डेटाच्या संरक्षणाचं. दोन्हींना मराठीत ‘खासगी’ म्हटलं तर कलम ८ वेगळं लिहिलंच कशाला, हे वाचकाला कळायला वाव राहत नाही.

संपादकांना पटण्यासारखी उदाहरणं म्हणाल तर युरोपीय संघाच्या न्यायालयाचे निकाल आहेत.

स्वीडनमधल्या बोडिल लिंडक्विस्ट या बाई त्यांच्या चर्चच्या कामात मदत करत. त्यांनी घरच्या संगणकावर एक वेबपान केलं आणि त्यात सहकाऱ्यांची नावं, काहींचे फोन नंबर, आवडीनिवडी लिहिल्या. एकीचा पाय दुखावल्यामुळे ती अर्धवेळ रजेवर आहे, असंही लिहिलं. त्या गावात यातलं कुणापासून काय लपलेलं असणार? पण युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की ही सगळी पर्सनल डेटाच आहे, आणि पायाची दुखापत तर आरोग्याची माहिती, म्हणजे अधिक जपायची.

आयर्लंडमधल्या नोवाक खटल्यात प्रश्न होता परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा. २०१७ चा निकाल : उमेदवाराची उत्तरं ही त्याची पर्सनल डेटा, आणि तपासनिसाने समासात मारलेले शेरेसुद्धा. उत्तरपत्रिकेला ‘खासगी माहिती’ कोण म्हणेल? ती लिहिलेलीच असते दुसऱ्याने वाचावी म्हणून.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जोरकस वाटतं. फिनलंडमध्ये कुणाचं करपात्र उत्पन्न किती, हे कायद्यानेच सार्वजनिक असतं. एक कंपनी ही माहिती गोळा करून छापत होती आणि एसएमएसवरून पुरवतही होती. २००८ मध्ये न्यायालयाने म्हटलं, जाहीर असली तरी ती पर्सनल डेटाच. आता याला मराठीत ‘सार्वजनिक खासगी माहिती’ म्हणायचं का? ‘खासगी’ शब्द इथे मोडूनच पडतो.

युरोपचा हा हट्ट पुस्तकी नाही. नेदरलँड्समध्ये युद्धाआधीपासून लोकसंख्येची नोंदवही अतिशय नीट ठेवलेली होती आणि तीत धर्मही असे. लोकांनी तो स्वतःहून नगरपालिकेला सांगितलेला. त्यात गुप्त काहीच नव्हतं. जर्मन फौजा आल्यावर त्याच नोंदींनी ज्यू कुटुंबं शोधून काढणं सोपं केलं. २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲम्स्टरडॅमच्या प्रतिकार गटाने ते नोंदणी कार्यालय पेटवून दिलं, पण कार्डांचा थोडाच भाग नष्ट झाला. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले.

पश्चिम जर्मनीत १९८३ ला जनगणना होणार होती, तेव्हा लोक माहितीच्या गैरवापराच्या भीतीने न्यायालयात गेले. १५ डिसेंबर १९८३ ला कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला आणि आपल्याविषयीच्या माहितीचं काय व्हावं ते ठरवण्याचा हक्क माणसाचा, हे तत्त्व मांडलं. त्या निकालात एक विचार आहे : माहितीवर यंत्राने प्रक्रिया होऊ लागली की ‘क्षुल्लक’ अशी माहिती उरत नाही. किरकोळ वाटणारी नोंद दुसऱ्या नोंदीला जोडली की तिचं वजन बदलतं. संशोधित कायद्याने जनगणना शेवटी १९८७ ला झाली. मी राहतो त्या हेसन राज्याने तर १९७० मध्येच जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा केला होता.

म्हणून मला ‘खासगी’चं नुकसान भाषेपुरतं वाटत नाही. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय त्याचं’ हे वाक्य त्या शब्दातूनच निघतं. आणि हा कायदा तर लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसासाठीही आहे.

जुनावकील

फ्रँकफुर्टकरांचं म्हणणं युरोपपुरतं मान्य. पण मराठी वाचक दोन्हीकडच्या बातम्या वाचतो, म्हणून आपल्या कायद्यातला फरक लक्षात ठेवा. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातली व्याख्याही ‘ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयीची माहिती’ अशीच आहे. मात्र जी माहिती व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही, असं कलम ३ सांगतं. एखाद्या ताईंनी आपला पत्ता स्वतः उघड्या पानावर टाकला, तर इथला कायदा हात वर करतो. युरोपातला तसा करत नाही. म्हणजे भारतीय संदर्भात ‘खासगी’ म्हणणारे अगदीच निराधार नाहीत. तरी व्याख्या आणि वगळणूक या दोन गोष्टी एका शब्दात कोंबू नयेत, हे मीही म्हणेन.

दुसरं, हा वाद पंडितांपुरता राहणार नाही. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, असं त्याच कायद्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. सूचना लिहिणाऱ्याने कोणता शब्द धरला, यावर शेतकरी, रिक्षावाला, अंगणवाडी सेविका काय समजून बोट दाबतील ते ठरणार आहे.

‘वैयक्तिक’बद्दल मात्र मास्तरांशी मतभेद. कोशात तो स्वच्छ आहे, बोलण्यात नाही. ‘हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे’ म्हणजे तुम्ही यात नाक खुपसू नका. तिथे तो ‘खासगी’च्याच पाटावर बसलेला असतो.

मास्तर

वकीलसाहेब, हे बरोबर आहे. पण ‘वैयक्तिक कारणामुळे रजा’ आणि ‘वैयक्तिक स्पर्धेत पदक’ हे दोन्ही मराठीच. दुसऱ्यात गुपिताचा वासही नाही. शब्द अजून लवचिक आहे, कायद्याने तो धरला तर त्याचा अर्थ घट्ट होईल. ‘खासगी’ला दोन अर्थ आधीच घट्ट चिकटले आहेत, ते सुटायचे नाहीत.

भाषांतरवाली

मी दोन्ही वापरून पाहिले. लेखातलं मूळ विधान असं : गाडीचा नंबर, आयपी पत्ता, हजेरीपटावरची वेळ हीसुद्धा पर्सनल डेटा.

‘हीसुद्धा खासगी माहिती आहे’ लिहिलं की वाचक अडखळतो, कारण गाडीचा नंबर रस्त्यावर सगळ्यांना दिसतो. ‘हीसुद्धा वैयक्तिक माहिती आहे’ चालतं, पण पुढे स्पष्टीकरण लागतं. ‘हीसुद्धा व्यक्तीविषयक माहिती आहे’ लिहिलं आणि स्पष्टीकरण खोडता आलं. म्हणून पहिल्यांदा ‘व्यक्तीविषयक (म्हणजे कुणा एका व्यक्तीशी जोडता येणारी) माहिती’ आणि पुढे लेखभर ‘व्यक्तीविषयक माहिती’ ठेवते. कायद्याचं नाव जिथे येईल तिथे ‘वैयक्तिक’च, नावात ढवळाढवळ नको.

आणखी एक. ‘कन्सेन्ट’ला मी ‘परवानगी’ लिहिलं होतं.

जुनावकील

‘संमती’ करा. परवानगी वरचा खालच्याला देतो. साहेब देतात, नगरपालिका देते. आपल्या न्यायव्यवहारात ‘कन्सेन्ट’ला संमतीच आहे. ‘अनुमती’ही नको, ती राष्ट्रपती विधेयकाला देतात.

फ्रँकफुर्टकर

दुजोरा. जर्मन नागरी संहितेत तर आधी दिलेली संमती ‘आइनविलिगुंग’ आणि मागाहून दिलेली ‘गेनेमिगुंग’ असे दोन शब्द आहेत, आणि जीडीपीआरच्या जर्मन मजकुरात पहिलाच घेतला आहे. माहिती आधी उचलायची आणि होकार नंतर मिळवायचा, हे चालत नाही. आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोनही संमती ठरत नाही, हे २०१९ च्या प्लॅनेट ४९ निकालात न्यायालयाने सांगितलंच.

पण तुमच्या लेखाचा खरा गाभा वेगळ्या जोडीत आहे. ओम्निबसमधला वाद ‘स्यूडोनिमस’ (नावाऐवजी संकेतांक लावलेली) आणि ‘अनॉनिमस’ (ओळख पटूच न शकणारी) माहितीतला आहे. स्पेनच्या बँको पॉप्युलरचे भागधारक आणि धनको यांचे अभिप्राय एका युरोपीय संस्थेने नावांऐवजी संकेतांक लावून बाहेरच्या सल्लागार कंपनीकडे पाठवले. नावांची यादी संस्थेकडेच. मग त्या कंपनीच्या हातात पडलेले अभिप्राय व्यक्तीविषयक की नाहीत? सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालय म्हणालं की ते घेणाऱ्याच्या बाजूने पाहावं लागेल. त्याला खरोखर ओळख पटवता येत नसेल तर त्याच्यापुरती ती व्यक्तीविषयक नसूही शकते. मात्र पाठवणाऱ्याने माहिती कुणाकडे जाणार हे लोकांना आधी सांगायला हवं होतं. आयोगाचा प्रस्ताव यातला पहिला भाग कायद्याच्या व्याख्येत घालू पाहतो. खासगीपणासाठी लढणाऱ्या संस्थांची हरकत यालाच आहे : प्रत्येक कंपनी म्हणेल, ‘आम्हाला हा माणूस कोण ते कळत नाही’, आणि कायद्याबाहेर निसटेल. मलाही ही भीती खरी वाटते. जाहिरातींच्या धंद्यात नाव लागतच नाही, संकेतांक पुरतो.

या दोन्हींना तुम्ही ‘निनावी’ लिहिलंत तर सगळा वादच दिसेनासा होईल.

भाषांतरवाली

पहिल्या खर्ड्यात दोन्हींना ‘निनावी’ आहे. ‘टोपणनावी माहिती’ आणि ‘निनावी माहिती’ केलं तर?

मास्तर

टोपणनाव माणूस स्वतः घेतो, कवी घेतात. इथे तो संकेतांक दुसऱ्याने चिकटवलेला आहे. ‘ओळख झाकलेली माहिती’ आणि ‘ओळख पुसलेली माहिती’ म्हणून पाहा. झाकलेलं उघडता येतं.

फ्रँकफुर्टकर

झाकलेली आणि पुसलेली, दोन्ही घ्या. फक्त ‘झाकलेली’ जिथे येईल तिथे ती कुणापासून झाकली आहे आणि झाकण कुणाच्या हातात आहे, हे त्याच वाक्यात सांगा. ब्रसेल्समध्ये भांडण त्यावरच आहे.

भाषांतरवाली

घेतलं. संपादकांना फिनलंडचं उदाहरण आणि हजेरीपटाचं वाक्य तिन्ही रूपांत पाठवते आहे. ‘डेटा कंट्रोलर’ला, म्हणजे माहिती कशासाठी आणि कशी वापरायची ते ठरवणाऱ्याला, लेखात अजून शब्द नाही. ‘माहिती-नियंत्रक’ लिहिलं तर तो एखादा सरकारी अधिकारी वाटतो, आणि इथे तर ती कंपनी आहे. कुणाला सुचत असेल तर सांगा.