मदत हवी आहे: स्पेनमधल्या मालागात रविवारी संध्याकाळी पाचला शाकाहारी जेवण?

ऑक्टोबरमध्ये आम्ही पाचजण रविवारी दुपारी साडेतीनला मालागाला उतरतोय, आईबाबा सत्तरीचे आणि लेक 6 वर्षांची, सामान घेऊन सी1 लोकलने सेंटरला पोचेपर्यंत पाच वाजणार. तिकडे म्हणे चारनंतर किचन बंद होतात ती थेट रात्री आठलाच उघडतात आणि रविवारी बरीचशी सुपरमार्केटपण बंद! हॉटेलला मेल टाकला, उत्तर नाही. आई शाकाहारी, अंडं चालतं म्हणजे तोर्तिया (तिकडचं बटाट्याचं ऑम्लेट) खाईल, पण सॅलडमध्येही ट्यूना टाकतात असं वाचलं. गास्पाचो सुचवलं तर बाबा म्हणाले थंड सूप तुम्हीच प्या. धपाटे आहेत पण ते दुसऱ्या दिवशी ग्रनाडाच्या बससाठी. तर सेंटरमध्ये पाचच्या सुमारास किचन चालू असलेली जागा आहे का कुठली, की एअरपोर्टवरच खाऊन निघावं?