क्लॅडिंगच्या मागे प्लास्टिकचा कागद मारावा का? (जळगाव)

पिंप्राळेकर:
राम राम मंडळी. दोन मजली घर आहे, ९ इंची विटांची भिंत, बाहेरून सिमेंट प्लास्टर. पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहालापण हाताला गरम लागते आणि पावसाळ्यात तीच आतून ओली होते, पापुद्रे निघतात, लोणा येतो. आता बाहेरून क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर एचपीएल शीटचं (कडक लॅमिनेटचे पत्रे) आवरण लावायचं ठरतंय. ठेकेदार म्हणतो मागे जाड प्लास्टिक मारून घ्या, ओलपण थांबेल आणि एसीचं बिल अर्ध्यावर येईल. यूट्यूबवर अमेरिकेतल्या घरांना असंच काहीतरी गुंडाळताना पाहिलंय. खरंच फायदा होतो का भो?

तापीकाठ:
भाऊ, प्लास्टिक अजिबात मारू नका. तिकडे गुंडाळतात ते टायवेक नावाच्या शीटसारखं असतं, पाणी अडवतं पण वाफ बाहेर जाऊ देतं. तिकडची घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची, फटीफटीतून हवा येते, ती अडते म्हणून हीटरचं बिल कमी होतं. आपल्या प्लास्टर केलेल्या विटांतून वारा येतच नाही तर त्यातून वाचणार काय? उलट भिंतीत मुरलेलं पाणी प्लास्टिकमागे कोंडलं की ते घरातच येणार, तुमचे पापुद्रे अजून वाढतील.

धुळे_साइट:
बरोबर. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, प्लास्टरच्या भेगा, खिडकीचा छज्जा, पॅरापेट (गच्चीचा कठडा), पाइपाचा जॉइंट. ओल फक्त खालच्या दोन-तीन फुटांत असेल तर ती जमिनीतून चढतेय, तिला क्लॅडिंगचा काही उपयोग नाही. दुरुस्ती उन्हाळ्यात करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच शीट. शीट भिंतीला चिकटवू नका, अॅल्युमिनियम फ्रेमवर २०-२५ मिमी गॅप सोडा आणि वर-खाली जाळी लावून उघडं ठेवा. ऊन शीटवर थांबतं, मधून वारा फिरतो, पाणी शिरलंच तर खाली निथळून जातं. शिवाय ओली वीट कोरड्यापेक्षा जास्त उष्णता आत आणते, म्हणजे ओल गेली की एसीलापण थोडा आराम.

पिंप्राळेकर:
मग बिल किती उतरेल?

भुसावळ_४५:
आकडा कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुमजली घरात वरच्या खोल्या स्लॅबमुळे तापतात, मेच्या शेवटी आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीपेक्षा स्लॅबच जास्त ऊन खातो. आधी तिथे पांढरा चायना मोझेक (टाइल्सचे तुकडे बसवतात तो) नाहीतर ऊन परतवणारा कूल रूफ पेंट करा, पैसे उरले तर क्लॅडिंग. एसी २४ वर ठेवा, बीईईच्या (केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था) हिशोबाने एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. आणि एसी-कुलर एकाच खोलीत सोबत नका चालवू, कुलरने केलेला दमटपणा काढण्यातच एसीची वीज जाते.

पिंप्राळेकर:
आता स्लॅबचंच आधी करतो. फ्रेमचे बोल्ट मारल्यावर नवीन भोकातून पाणी नाही का जाणार?

धुळे_साइट:
जाईल, म्हणून प्रत्येक भोकात सीलंट भरून मगच बोल्ट आवळायला लावा. शीट बसायच्या आधी स्वतः समोर उभं राहून बघा, नंतर काही दिसत नाही.