पॉप-अप वर येतात, पण खाली बसत नाहीत

पावसाळ्यानंतर लॉनमधले निम्मे पॉप-अप (पाणी सोडलं की जमिनीतून वर येणारे फवारे) वर आले की तसेच उभे राहतात आणि माळी म्हणतोय स्प्रिंग गेल्या, सगळे बदला; शिवाय फवाऱ्याने भिंतही भिजतेय, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात खर्चात पडू नका. मुलुंडला आमच्या सोसायटीतही हेच झालं होतं. वर-खाली होणाऱ्या दांड्याभोवती जी रबरी सील असते तिच्यात लाल मातीची कच अडकते. पंप चालू असताना दांडा पायाने हलकेच दोन-तीनदा दाबून सोडा, बऱ्याचदा पाण्यानेच कच निघते. ग्रीस अजिबात लावू नका, त्यावर माती आणखी चिकटते (आमच्या प्लंबरने हा पराक्रम करून दाखवला होता).

तरी बसले नाहीत तर टोपण उघडून दांडा बाहेर काढा. नॉझलखाली (दांड्याच्या टोकाला असलेल्या, फवारा सोडणाऱ्या तोटीखाली) बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती जुन्या टूथब्रशने घासा. आमच्या एका जाळीत टाकीतला गाळ आणि चक्क छोटी गोगलगाय निघाली! नॉझल परत लावण्याआधी मिनिटभर पाणी सोडून लाइन धुवायला विसरू नका, नाहीतर तोच गाळ पुन्हा जाळीत.

भिंत भिजतेय त्याचं म्हणाल, तर नॉझलच्या मधला बारीक स्क्रू उजवीकडे फिरवला की फवारा आखूड होतो, पण साधारण पाव हिश्श्यानेच. त्यापुढे स्क्रू आवळलात तर फवारा विस्कटतो. तिथे लहान पल्ल्याचं नॉझल घ्या. आणि पाण्याचं धुकं उडत असेल तर दाब जास्त आहे. फवाऱ्याच्या हेडला साधारण ३० पीएसआय (दाबाचं एकक) पुरे.