धीर नाही? म्हणे सेरोटोनिन कमी!

कडूकारलं: काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं, की ज्याला थांबवत नाही त्याच्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं, तेव्हा त्याला बोल लावू नका, पूरक गोळ्या घ्यायला सांगा. वर वाहवा! अहो, शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि ते मेंदूत शिरतच नाही. जपानमधल्या ओकिनावात मियाझाकी-डोया या संशोधक मंडळींनी उंदरांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा उंदीर खाण्यासाठी जास्त वेळ थांबले. हे खरंच. पण त्यांचाच २०१८चा पेपर वाचा की. खाणं मिळायची शक्यता ७५ टक्के होती तेव्हाच हा परिणाम दिसला. ५० वर आणली, की पेशी कितीही चेतवा, ढिम्म फरक नाही. मिळेल असा भरवसाच नसेल तर रसायन काय करणार?

सरळमार्गी: उंदीर राहू द्या. त्या मार्शमॅलोवाल्या प्रयोगात, समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर दुप्पट मिळणार होती, त्यात थांबलेली मुलं पुढे चमकली ना? वळण लागतं लहानपणी. आम्हाला मागितलं की लगेच मिळत नसे.

कडूकारलं: तो संबंध २०१८ मध्ये ९००हून अधिक मुलांवर तपासला, घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर बराचसा विरला. २०१३ मध्ये किड या संशोधिकेने हाच प्रयोग करण्याआधी काही मुलांना दिलेला शब्द मोडला. ती सरासरी तीन मिनिटं थांबली, शब्द पाळलेली बारा. वळण कुणाला हवंय मग, मुलांना की मोठ्यांना?

सरळमार्गी: आली का आईबापांवर गाडी!

तिरपीरेघ: रसायनाला इतकं हसू नका. सासऱ्यांना पार्किन्सन्ससाठी प्रामिपेक्सोल सुरू झालं. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाची नक्कल करणारी गोळी. आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस रात्री पांघरुणात फोन घेऊन पत्त्यांवर पैसे लावायला लागला. आम्ही त्यांना नाही नाही ते बोललो. डोस उतरवला आणि खेळ सुटला. डॉक्टर आधी एका शब्दाने बोलले नव्हते.

गोळीबंद: असा त्रास होऊ शकतो हे गोळ्यांसोबतच्या पत्रकात छापलेलं असतं. वाचायचं.

तिरपीरेघ: हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याने मुंगीएवढी अक्षरं वाचायची? धन्य आहे!

गोळीबंद: चढलेला आवाज खाली आणा. जुगाराची भीती घातली तर पेशंट गोळीच टाकून देतो, आणि ती एकदम बंद केली की वेगळेच हाल. बहुतेकांना हा त्रास होतही नाही.

तिरपीरेघ: ज्याला होतो त्याच्या घरी या एकदा.

कडूकारलं: धागा सेरोटोनिनचा आहे हो...

तिरपीरेघ: तुमचे उंदीर थांबतील, भरवसा असेल तर.

सरळमार्गी: गोळीने माणूस बदलतो म्हणता, मग उद्या चोरही गोळीच दाखवेल.

तिरपीरेघ: दाखवू दे. डोस उतरवून बघा.

गोळीबंद: बरं, घरच्यांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, एवढं मान्य. पेशंटला नाही.

तिरपीरेघ: पेशंटलाच. पैसे त्यांचे गेले.