पत्रिका-फ्लेक्सच्या कामातून डिझायनर म्हणून स्वतःची ओळख कशी घडवावी?

तापीकाठ (धुळे)
काम धुळे-जळगाव पट्ट्यातलं आहे : लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, केळी वेफर्स आणि पापडाची पाकिटं. कोरल आणि इलस्ट्रेटर ही डिझाइनची दोन्ही सॉफ्टवेअरं येतात, हाताला वेगही आहे. पण दहा कामं शेजारी-शेजारी मांडली तर ती एकाच हातची वाटत नाहीत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर जो नमुना पाठवतं, तसंच काम होतं. आपली शैली नेमकी कुठून धरायची? पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांत, काय ठेवायचं, काय काढायचं? इथेच राहून मोठी कामं मिळवायची आहेत.

शिरोरेघ
ताई, रंगांच्या मागे नंतर लागा, आधी अक्षर धरा. आपल्याकडच्या कामात निम्मी जागा मजकूरच खातो आणि तोच सगळ्यांचा सारखा दिसतो, कारण तेच चार जुने फॉन्ट प्रत्येक दुकानात आहेत.

जुन्या एन्कोडिंगचे फॉन्ट सोडा. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. छापखान्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. युनिकोडमधले (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) मुक्ता, मोदक, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि परिच्छेदाला साउथ एशियन कंपोझर (आपल्या लिपीची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावा. ते राहिलं तर 'किराणा'तली पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात.

मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. 'शेव' आणि 'लोणचं' लिहून बघा, हिंदी वळण लगेच डोळ्यात भरतं. आणि इंग्रजीच्या सवयीने ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेघ मध्येच फाटते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीजवळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. मग दोन फॉन्ट ठरवून वर्षभर तेच वापरा. तुमचा हात ओळखू यायला तिथूनच सुरुवात होईल.

काळीमाती (जळगाव)
अक्षराचं पटलं. पण चित्रातसुद्धा आपण फार उसनं आणतो. भरीत मसाल्याच्या पाकिटावर स्टॉकमधलं, म्हणजे नेटवरच्या तयार चित्रांतलं जांभळं, चकचकीत वांगं असतं. आपलं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा. ते पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलं की साल काळी पडून सुटते आणि आत हिरवट गर राहतो. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी पाकिटावर वांगं दुसऱ्याच मुलखाचं! खानदेशातली कुठलीही बाई ते बघून पाकीट परत ठेवेल, असं मला मनापासून वाटतं.

करायचं असं : एक वस्तू घ्या. सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढा आणि तिचीच तीस रेखाटनं करा. पहिली दहा-बारा ठोकळेबाज येतात, त्यानंतर देठाचा बाक, सालीवरचे डाग दिसू लागतात. रंगही त्या फोटोतूनच उचला, चार पुरे. गावाकडचं म्हटलं की वारली डकवणं टाळा, ती पालघरकडची.

बोलीतली ओळ टाकताना गाव विचारा. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी चालेल, पण यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. एकच ओळ दोन्हीकडे छापली तर निम्म्या लोकांना ती परकी वाटते.

सिलिंडर
पोर्टफोलिओत आठच कामं ठेवा. वाढदिवसाचे फ्लेक्स सगळे काढा, त्यात तुमचा निर्णय कुठेच नसतो. प्रत्येक कामाखाली तीन ओळी : अडचण काय होती, छपाईची मर्यादा काय होती, तुम्ही काय ठरवलं. स्क्रीनवर बनवलेल्या मॉकअपऐवजी (दिखाऊ नमुन्याऐवजी) दुकानाच्या फळीवरच्या खऱ्या पाकिटाचा फोटो लावा.

मोठं काम हवं असेल तर पाकिटाची छपाई शिका, तिथे जाणकार कमी आहेत. ग्रॅव्ह्युअरला, म्हणजे कोरलेल्या रुळांनी होणाऱ्या पाकिटांच्या छपाईला, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (रूळ) लागतो, म्हणून सात रंगांचं डिझाइन तीन रंगांत बसवून दाखवणारा डिझायनर कारखानदाराला पहिल्याच ऑर्डरला परवडतो. पारदर्शक फिल्मवर छपाई आतल्या बाजूने, उलटी होते आणि पांढरा शेवटी चढतो. फाइलमध्ये पांढऱ्याचा वेगळा थर दिला नाही तर पिवळ्यातून वेफर्स दिसतात आणि रंग मातकट होतो. घटकपदार्थांचा बारीक मजकूर एकाच रंगात ठेवा. चार रंगांतून काळा बनवला तर रंग किंचित सरकले तरी वेलांट्या दुहेरी दिसतात. हिरवं शाकाहारी चिन्ह, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन यांची जागा आधी आखा, मग चित्र.

तापीकाठ (धुळे)
सगळ्यांचे आभार. वांगं उद्याच बाजारातून आणते. एक राहिलं : गिऱ्हाईक मूळ फाइल मागतं, ती द्यावी का? आणि काम पोर्टफोलिओत दाखवायला परवानगी लागते का?

शिरोरेघ
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काढलेल्या लोगोची पहिली मालकी साधारणपणे त्याचीच असते. नोकरीत केलेल्या कामाची मालकी मालकाची. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. म्हणून कोटेशनमध्येच चार ओळी टाका : निम्मी रक्कम आधी, दुरुस्त्या दोनदा, मूळ फाइलचा दर वेगळा, पोर्टफोलिओत दाखवायची मुभा. माल बाजारात येईपर्यंत मात्र फोटो टाकू नका. नोकरीत केलेली जुनी कामं दाखवायची असतील तर त्या मालकाकडून व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी होकार घेऊन ठेवा.